शाळेत मुलाचे कोण आहे?



शाळकरी मुलांचे मानसिक आरोग्य असा विषय जाहीर झाला, की वक्ता लक्षणे सांगेल अशी अपेक्षा असते. मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर काय समजावे आणि कोणाला दाखवावे? हे सांगायलाच हवे आणि ते सांगणारी जाणती डॉक्टर मंडळी आपल्याकडे आहेत. मी आज दुसरीकडे लक्ष वेधणार आहे. मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असते, वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस असते. तिथे त्याला कोण हाक मारते, कोण हसते, कोण मारते, चुकल्यावर काय होते, रडू आले तर ते कुठे जाते? माझे म्हणणे असे, की बहुसंख्य मुलांची मने या रोजच्या व्यवहारात सावरतात किंवा खचतात. हा व्यवहार आहे तसाच ठेवून वर समुपदेशनाचा एक तास जोडला, तर हाती फारसे लागत नाही. आणि हा व्यवहार बदलायचा, तर प्रत्येक शाळेत असे एक माणूस लागते, की जे मुलांचे ऐकण्यासाठीच तिथे आहे. आजचे सगळे विवेचन या एका मागणीकडे जाणारे आहे.

आधी परिस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यनिहाय यादीत महाराष्ट्र पहिला होता, १,७६४ मृत्यू. यात महाविद्यालयीन मुलेही आहेत, हे खरे. पण शिक्षणात पुढारलेले म्हणवणाऱ्या राज्याने ही ओळ वाचून पुढचे पान उलटावे, इतकी ती साधी नाही. निकालाच्या दिवसांत अशा बातम्या येतात, म्हणून आपण सगळा दोष परीक्षेला देऊन मोकळे होतो. त्याच अहवालात अठरा वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंची कारणे दिलेली असतात. त्यांत परीक्षेतले अपयश आहेच, पण त्याच्या पुष्कळ वर कौटुंबिक अडचणी आहेत. म्हणजे मूल घरचे ओझे घेऊन शाळेत येत होते, वर्गात बसत होते, हजेरीला ‘हजर’ म्हणत होते. हे शाळेत कोणाला तरी माहीत होते का? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

दुसरा आकडा बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा. तेरा ते सतरा या वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना उपचार लागावेत असा मानसिक त्रास आढळला. (सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपल्या मुलांबद्दल आपण अंदाजानेच बोलतो.) चाळीस मुलांच्या वर्गात हा हिशेब तीन मुलांचा होतो. त्या तिघांना तज्ज्ञ हवा, औषध लागले तर औषध हवे, आणि त्यात लाज वाटण्याचे काडीचेही कारण नाही. पण उरलेली सदतीस? त्यांना आजार नाही, म्हणून ती आनंदात आहेत असे होते का? भीती, अपमान, एकटेपणा यांना आजाराचे नाव नसते. या सदतिसांवर रोगाचा शिक्का मारू नये असे मला मनापासून वाटते. त्यांच्यासाठी दवाखाना नको, बरी शाळा हवी. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की आयुष्यभरातले निम्मे मानसिक विकार चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात. म्हणजे ते तीन आणि हे सदतीस यांच्यामधली रेघ आठवी-नववीच्या वर्गातच ओढली जात असते.

बरी शाळा म्हणजे काय? इमारत, संगणक, डिजिटल फळा याबद्दल मी बोलत नाही. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी उरलेल्यांची, ही वाटणी कित्येक शाळांत उघडपणे चालते. ‘ड’ तुकडीतल्या मुलाला कोणी काही बोलावेच लागत नाही. वर्गाच्या दारावरचे अक्षर त्याला रोज सांगत असते. परीक्षा मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली, त्याला बराच काळ लोटला. पण यादी गेली कुठे? ती चौकातल्या क्लासच्या फ्लेक्सवर आली, फोटोसकट आणि टक्क्यांसकट. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा २०१६मध्ये काढला गेला आणि त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शब्द आले. हेतू चांगलाच होता. पण शाळेने आणि गल्लीने त्या मुलाशी बोलण्याची रीत बदलली नाही, तर कागदावरचे शब्द बदलून त्याला दिलासा कसा मिळणार? शिक्षण हक्क कायद्याचे १७वे कलम शारीरिक शिक्षेला जशी बंदी करते, तशीच मानसिक छळालाही करते. छडी पुष्कळ ठिकाणी खरोखर मागे पडली, याचे श्रेय शिक्षकांना द्यायला हवे. बाकावर उभे करून वडिलांच्या धंद्यावरून बोलणे मात्र अजून ‘शिस्त’ या सदरात जाते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असे सांगितले आहे, आणि त्याच्या बरोबरीने गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत असेही सांगितले आहे. पहिल्या सूचनेची चर्चा झाली, दुसरीची फारशी झाली नाही. मला दुसरीही तितकीच महत्त्वाची वाटते, कारण ती रोजच्या व्यवहाराला हात घालते.

असाच एक निर्णय आपल्या राज्याने २०२४मध्ये घेतला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण काय, तर मुलांची झोप पुरी होत नाही. बस, दोन पाळ्या, पालकांच्या नोकरीच्या वेळा, या सगळ्या अडचणी लगेच पुढे आल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. तरीही मुलाच्या मनाचा विचार करून वेळापत्रक हलवता येते, हे सरकारने यानिमित्ताने मान्य केले. वाढीच्या वयात झोपेचे घड्याळ पुढे सरकते, हे वैद्यकशास्त्र सांगते. मग सकाळी सातला भरणाऱ्या माध्यमिक शाळांचे काय? आणि शाळा सुटल्यावर क्लास, क्लास सुटल्यावर गृहपाठ, असा दिवस काढणाऱ्या मुलाला खेळायला नेमका कोणता तास उरतो?

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मुलांचा ताण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले, टक्केवारीच्या शर्यतीतले मूल येते. ते आहेच. पण दिवाळीच्या सुमारास बीडहून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारे आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर गावी परतणारे मूल अर्ध्या वर्षाच्या अभ्यासाला मुकते आणि परत आल्यावर आपल्याच वर्गात परके ठरते. ते हंगामी वसतिगृहात राहिले तर शाळा टिकते, आई सहा महिने दिसत नाही. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर राहायला येते. वर्गात बोलली जाणारी मराठी त्याच्या घरची भाषा नसते, आणि रात्री आजारी पडले तर कपाळावर हात ठेवणारे कोण, हा त्याच्यापुढचा प्रश्न टक्केवारीचा नसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवली, ती मुले गुरांमागे जातात म्हणून. मूल शाळेच्या साच्यात बसत नाही, तर शाळेने कुरणात जावे, असा तो सरळ विचार होता. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. तो आपण अमलात आणायचे सोडले.

आता पुराव्याकडे येतो, कारण इथवर मी जे बोललो ते कोणाला केवळ भावनेचे वाटू शकेल. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेली ‘संगत’ ही संस्था मानसिक आरोग्यात काम करते. तिने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा अभ्यास केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटात नेहमीचा सरकारी कार्यक्रम चालू राहिला. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला शाळेचे वातावरण सुधारण्याचा एक आखीव कार्यक्रम एका शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या एका प्रशिक्षित व्यक्तीकडे दिला. ही व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. साधी, शिकवून तयार केलेली, शाळेत रोज असणारी. तिचे काम काय होते? परिपाठाला मुलांशी बोलणे, मुलांकडून भित्तिपत्रक काढून घेणे, मुलांचे गट बांधणे, शिक्षकांबरोबर बसून शिक्षेचा आणि दादागिरीचा विषय काढणे, आणि ज्या मुलाला एकट्याने बोलायचे आहे त्याचे ऐकणे. वर्षअखेर तिसऱ्या गटातल्या मुलांना आपली शाळा स्पष्टपणे अधिक आपली वाटू लागली होती. नैराश्याची लक्षणे कमी झाली होती, दादागिरी आणि मारहाणही कमी झाली होती. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. आणि शिक्षकाकडे सोपवलेल्या दुसऱ्या गटात? नेहमीच्या शाळांपेक्षा काहीही फरक पडला नाही.

त्या कार्यक्रमातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. शाळेत एक पेटी असे. मुलांनी तीत मनातले लिहून टाकायचे, हवे तर नाव न घालता. नेमलेली व्यक्ती त्या चिठ्ठ्या वाचे आणि त्यांवर काय झाले ते मुलांसमोर सांगे. आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रातल्या शाळांना तक्रारपेटी लावण्याचा आदेश आहे, मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही आहेत. पेटी असते कुठे? बहुधा मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, जिथे चिठ्ठी टाकणारी मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते. किल्ली कोणाकडे? ज्यांच्याविषयी तक्रार असू शकते, त्यांच्याच कपाटात. उघडतात कधी? तपासणी असेल तेव्हा. आणि चिठ्ठीचे पुढे काय झाले, हे मुलांना कोण सांगते? पेटी तीच, पत्रा तोच, कुलूप तेच. फरक आहे तो पेटीमागे उभ्या असलेल्या माणसाचा. आपण लिहिलेले कोणीतरी वाचले आणि त्यावर काही केले, हे एकदा दिसले की मूल दुसरी चिठ्ठी लिहिते. ते दिसले नाही, तर पहिलीच शेवटची ठरते.

मग ध्यान, श्वसन, योग यांचे काय, असे विचारले जाईल. ब्रिटनमध्ये ८०हून अधिक शाळांतल्या ८,०००हून जास्त मुलांवर याचा अभ्यास झाला. सजग ध्यानाचे वर्ग शाळेच्या तासांत घेतले गेले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याने मुलांच्या मानसिक आरोग्यात काही भर पडली नाही, हे २०२२मध्ये जाहीर झाले. त्याआधी युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांतल्या ११ हजारांवर मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रतिबंधाचे तीन मार्ग तपासले गेले. धोक्यातली मुले ओळखण्याचे शिक्षकांना प्रशिक्षण देणे हा एक, प्रश्नावली भरून घेऊन मुलांना तज्ज्ञांकडे पाठवणे हा दुसरा. या दोहोंनी लक्षणीय फरक पडला नाही. तिसऱ्यात मुलांनी स्वतः एकत्र बसून प्रसंग वठवले, निवड, संकट, मैत्री यांवर चर्चा केली. त्या मुलांमध्ये वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न खरोखर कमी आढळले. आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला. तो राहू दे, मुलांना एक मोकळा दिवस मिळतो हे चांगलेच आहे. माझे एवढेच म्हणणे, की सोमवार ते शुक्रवार बदलल्याशिवाय शनिवारवर सगळी भिस्त ठेवू नये.

आता आक्षेप. पहिला शिक्षकांकडून येतो आणि तो मला सर्वांत न्याय्य वाटतो. ‘म्हणजे हेही आमच्यावरच?’ बिहारच्या अभ्यासाचे उत्तर स्वच्छ आहे: तुमच्यावर टाकून होत नाही. का होत नाही, याचा माझा अर्थ असा. शिक्षकाचा दिवस पोषण आहाराच्या नोंदी, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ची माहिती, ‘अपार’ ओळखपत्रे, मतदार याद्या आणि अॅपवर चढवायचे फोटो यांत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. ती पाळली जात नाही, हे या सभागृहातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. शिवाय गुण देणारा आणि शिक्षा करणारा माणूस कितीही मायाळू असला, तरी मूल त्याच्यापाशी सगळे बोलत नाही. म्हणून हे काम वेगळ्या माणसाचे. शिक्षकाकडून अपेक्षा मर्यादित ठेवा: अपमान न करणे, आणि मूल बदलले तर त्या माणसाच्या कानावर घालणे. आणि एवढ्यासाठी तरी त्याचा वेळ त्याला परत द्या.

दुसरा आक्षेप, हे काम आईबापांचे आहे, शाळेचे नाही. बोलायला हे सोपे वाटते. पण ज्या अहवालाचा मी उल्लेख केला, त्यात कौटुंबिक अडचणीच सर्वांत वर होत्या. दारू, मारहाण, कर्ज, वेगळे झालेले आईबाप, लग्न ठरवलेली पंधरा वर्षांची मुलगी. ज्याचे दुखणे घरातच आहे, त्या मुलाने घरीच दाद मागावी, असे आपण कसे म्हणणार? घराबाहेर त्याला रोज भेटणारी मोठी माणसे फक्त शाळेत असतात. घर कोलमडलेले असेल तेव्हा शाळेची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

तिसरा आक्षेप पिढीचा आहे. आम्ही मार खाऊन शिकलो, आमचे काय बिघडले? यावर इतकेच सांगतो, की जे बिघडले आणि शाळा सोडून गेले, ते हा प्रश्न विचारायला अशा सभांना येत नाहीत. शिस्त हवी, यात वाद नाही. नियम सगळ्यांना सारखे असतील आणि आधी सांगितलेले असतील, तर ती मुलांनाही हवीशी वाटते. दहशतीने वर्ग गप्प बसतो. गप्प बसलेला वर्ग शिकतो आहे, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो टाळून चालणार नाही. राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. मग माणसे आणायची कुठून? शिवाय न्यायालयाची शंभर विद्यार्थ्यांची अट लावली, तर जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा त्यातून बाहेरच राहतात, कारण तिथला पटच शंभराच्या आत आहे. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, एवढीच सूचना आहे. पण डॉक्टर नाहीत म्हणून काम थांबत नाही, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे आशा कार्यकर्तीच्या कामात घरी जाऊन नवजात बाळ पाहणे आले. बाळाच्या श्वासाबाबत जे जमले, ते मुलाच्या मनाबाबत का जमू नये? मोठ्या शाळेत एक पूर्णवेळ व्यक्ती, लहान शाळांसाठी केंद्रशाळेत एक आणि तिचे ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जाणे. तिला महिन्याकाठी मार्गदर्शन करणारा जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, आणि ज्या तीन मुलांना उपचार लागतात त्यांना तिथे पोचवण्याची तिची जबाबदारी. तिला वेळेवर आणि पुरेसे मानधन मिळायला हवे. आशा आणि अंगणवाडी सेविकांना मानधनासाठी रस्त्यावर उतरावे लागते, तशी वेळ तिच्यावर आणून आपल्याला हे काम करून घेता येणार नाही.

सरकार हे आपण होऊन करील असे मला वाटत नाही. मागावे लागेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. या सभेतले बरेच जण यांपैकी कशात तरी आहेत. तुमच्या समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. पेटी कोण उघडते आणि उत्तर कोण देते, ते लेखी ठरवा. गुणांवरून तुकड्या पाडल्या जात असतील, तर त्या मोडायला सांगा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ आणि बालकांच्या मदतीचा १०९८ हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लावा. आणि आमच्या शाळेला मुलांचे ऐकणारे माणूस हवे, असा ठराव करून त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांना पाठवा. एका शाळेचा ठराव फायलीत पडून राहील. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे ठराव आले, तर त्यांना उत्तर द्यावेच लागेल.